डॉ. कोटणीस यांच्या चिनी नावातले मधले अक्षर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरची १० (जयंती) आणि डिसेंबरची ९ (पुण्यतिथी) तारीख जवळ आली, की डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर आपल्या सोलापुरात लेख येतात, शाळांत भित्तिपत्रके लागतात, फ्लेक्स छापले जातात. मराठी नावाखाली हौसेने चिनी नावही दिलेले असते. बहुधा ‘के दिहुआ’, क्वचित ‘को दिहुवा’. शेजारी अर्थ: ‘चीनचा मित्र’. या नावात तीन अक्षरे आहेत आणि मराठीत उतरताना तिन्हींचा उच्चार बिघडतो. अर्थ दिला जातो तो एकाच अक्षराचा, तोही सैल. मधल्या अक्षराची तर कोणी विचारपूसच करीत नाही, आणि तिन्हींत दुर्मीळ, जुने व अर्थाने भरलेले अक्षर नेमके तेच आहे. त्याबद्दल हे पत्र. लांबले आहे, जागा पाहून कापावे, फक्त उच्चाराचा भाग कापू नये ही विनंती.

वृत्तपत्राच्या टंकात चिनी अक्षर बसत नाही हे धरून चालतो, म्हणून आकृतीही शब्दांतच सांगतो.

आधी हे नाव कसे बनले ते पाहू. काँग्रेसने १९३८ साली चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. परक्या नावाला चिनी रूप देताना जवळच्या उच्चाराची अक्षरे शोधायची ही तिकडची रीत. तिथे एक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि त्याला स्वतःचा अर्थ. मोकळा ‘ट’ किंवा शेवटचा ‘स्’ लिहिण्याची सोयच नाही. त्यामुळे ‘कोटणीस’चे चार तुकडे झाले: ख, ती, नी, स. चिनी माणसाचे नाव सहसा दोन किंवा तीन अक्षरांचे असते, म्हणून पुढचे दोन तुकडे राहिले, मागचे दोन गळाले आणि शेवटी ‘ह्वा’ जोडले गेले. ‘ह्वा’ म्हणजे चीन. हा ‘ह्वा’ पाचही डॉक्टरांच्या नावाला आहे. चोळकरांचे नाव ‘च्वो खह्वा’, बसूंचे ‘पा सूह्वा’, मुखर्जींचे ‘मू खह्वा’ आणि अटल यांचे ‘आय तह्वा’. (अटल यांचे नाव ‘एडवर्ड’ या इंग्रजी नावाच्या चिनी रूपाशी अक्षर न अक्षर जुळते, चिनी मजकूर यंत्राने भाषांतरित केला की तिथे एक एडवर्ड उगवतो तो यामुळेच.) म्हणजे ‘चीनचा मित्र’ हा अर्थ पाचांनाही सारखाच लागू. त्यातून कोटणिसांचे वेगळे काही कळत नाही. त्यांच्या मुलाचे नाव यिन्‌ह्वा. त्यातला ‘यिन’ हा ‘यिन्‌तू’, म्हणजे भारत, या चिनी शब्दातला पहिला अवयव. तिथे मात्र भारत-चीन असा अर्थ सरळ लागतो.

‘ती’ असा उच्चार असलेली अक्षरे चिनी भाषेत ढिगाने आहेत. जमीन, धाकटा भाऊ, सम्राट, पहिला-दुसरा म्हणताना लागणारा क्रमदर्शक, सगळी रोजची. ती बाजूला ठेवून कोटणिसांसाठी जे अक्षर घेतले गेले, ते आज मुख्यतः नावांतच भेटते. बीजिंगला राजधानी नेणारा मिंग घराण्याचा योंगल सम्राट (राज्यकाल १४०२ ते १४२४) याचे पाळण्यातले नाव ‘चू ती’, त्यातला ‘ती’ हाच. याच सम्राटाने पाठवलेले आरमार १४०५ मध्ये निघून आपल्या कालिकतपर्यंत आले होते. शानतुंग प्रांतात ‘वू-ती’ नावाचा तालुका आहे, त्यातही हाच. १९९७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले स्टीव्हन चू यांचे चिनी नाव ‘चू ती-वन’, त्यातही हाच. चीनने १९८० साली संगणकासाठी ६,७६३ अक्षरांचे प्रमाण ठरवले तेव्हा रोजच्या वापराची ३,७५५ अक्षरे पहिल्या गटात घेतली आणि उरलेली ३,००८ दुसऱ्यात. हे अक्षर दुसऱ्या गटात आहे. मेलेले नाही, पण शिकलेला माणूसही ते पाहून क्षणभर थबकतो.

आता आकृती. अक्षराचे दोन भाग आहेत. डावीकडे ‘झाड’: एक आडवी रेघ, तिला छेदणारी उभी, आणि त्या छेदातून दोन्हीकडे उतरणाऱ्या दोन तिरक्या. खोड, फांद्या, मुळे. उजवीकडचा भाग जास्त मजेचा आहे. इ. स. १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने रचलेल्या अक्षरकोशात त्याची फोड दिली आहे: वर हात, खाली शेपूट. मागून धावत येऊन शेपूट धरली, म्हणजे ‘गाठले’. या भागाचा मूळ अर्थ ‘गाठणे, पकडणे’ आणि मूळ उच्चार ‘ताय’. ‘अटक करणे’ या आजच्या चिनी शब्दात तो अजून या अर्थाने आहे. आपल्या अक्षरात मात्र त्याचा अर्थ घ्यायचा नाही, फक्त आवाज घ्यायचा. चिनी लिपीतली बहुसंख्य अक्षरे अशीच जोडलेली असतात. एक भाग कुळ सांगतो, दुसरा उच्चाराची दिशा दाखवतो. म्हणजे ‘झाडांच्या कुळातला, ताय-ती असा काहीसा वाजणारा’ असा कोणी. कोशातली नोंदही तेवढीच थोडकी: ‘ती’ म्हणजे पांढरे ‘ती’ (हे झाडाचे नाव), कुळ झाडाचे, आवाज उजव्या भागाचा.

घोटाळा होतो तो याच उजव्या भागामुळे. पुढे ‘गुलाम, हाताखालचा कारकून’ या अर्थाचे ‘ली’ हे वेगळे, मोठे अक्षर याच भागाने लिहिले जाऊ लागले. आज तो एकटा दिसला की चिनी माणूस ‘ली’ वाचतो. मग झाड अधिक ‘ली’ पाहून कोटणिसांनाही ‘ख लीह्वा’ म्हणून मोकळा होतो. अर्धे अक्षर पाहून पूर्ण वाचण्याची ही खोड चिनी लोकांत इतकी मुरलेली आहे, की पंडितही अर्धेच वाचतो अशी म्हण तिकडे आहे. तेव्हा कोण्या चिनी पाहुण्याच्या तोंडून ‘ली’ ऐकले म्हणून तेच खरे असे समजू नये.

जाता जाता एक. कारकुनांच्या हातची म्हणून प्रसिद्ध असलेली जुनी चिनी लेखनशैली आहे, तिचे नाव याच ‘ली’वरून पडले. आणि आपल्या आडनावातला ‘णीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. फडणीस, चिटणीस, तसा कोटणीस. नावाच्या दोन्ही टोकांना लेखणी आली हा निव्वळ योगायोग, पण नोंदवून ठेवावा असा.

उच्चाराकडे वळू. सगळे मराठी लेखन रोमन लिपीवरून उचललेले असते आणि चूक तिथूनच शिरते. चिनी भाषेच्या आजच्या रोमन लेखनपद्धतीत (ती १९५८ साली लागू झाली) ‘डी’ हे अक्षर आपल्या ‘द’ किंवा ‘ड’साठी नाही. प्रमाण चिनी भाषेत घोष स्पर्श व्यंजने नाहीतच: ना ग, ना द, ना ब. तिथे फरक आहे तो अल्पप्राण आणि महाप्राण यांचा, म्हणजे त आणि थ, क आणि ख, प आणि फ यांचा. इंग्रजांना तो फरक जड जातो. आपण तो बालवाडीत शिकलेलो असतो. तरीही इंग्रजीच्या वाटेने गेल्यामुळे हातचे सोडून बसतो. रोमन ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. ‘बी’ म्हणजे प, ‘पी’ म्हणजे फ. हा फ ‘फळ’मधला, ओठ मिटून म्हटलेला, ‘फॅन’मधला नव्हे. शिवाय मराठीकडे दोन ‘च’ आहेत, ‘चिंच’मधला आणि ‘चमचा’मधला. रोमन ‘झेड’ लिहितात तो बहुतांशी आपल्या ‘चमचा’तला च. म्हणूनच जुन्या मराठी वर्तमानपत्रांतले ‘माओ त्से तुंग’ हे आजच्या ‘माओ झेडाँग’पेक्षा मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ होते. नवे ते शुद्ध असे मानून आपण इथे एक पाऊल मागे गेलो.

तर पहिले अक्षर. रोमनमध्ये ‘के-ई’ लिहितात म्हणून मराठीत ‘के’ झाले. प्रत्यक्षात व्यंजन ख आहे आणि स्वर ‘ए’ नाही. ओठ गोल न करता घशाकडून काढलेला लांब ‘अ’ आहे. बाराखडीत ‘ख खा खि खी’ म्हणताना पहिला ‘ख’ जसा येतो तो जरा लांबवला, की झाले. चिनी भाषेत चार सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. इथे सूर पहिला: वरच्या पट्टीत, सपाट, तंबोऱ्याची तार धरून ठेवल्यासारखा. तो सोडला की अर्थ हलतो. खालून वर नेलात तर ‘खोकला’, वरून खाली टाकलात तर ‘पाहुणा’.

मधले अक्षर ‘ती’. जीभ दातांच्या मुळाशी, आपल्या त आणि ट यांच्या मधोमध लागते. ‘त’ म्हटले तरी चालते, श्वासाचा फुंकर मात्र नको. सूर चौथा: वरून झटक्यात खाली, जसा आपण मुलाला ‘बस!’ किंवा ‘ठेव!’ म्हणताना टाकतो. इथे सांभाळायला हवे. हाच ‘ती’ प्रश्न विचारल्यासारखा खालून वर चढवला, तर तो ‘शत्रू’ या अर्थाच्या अक्षराचा उच्चार होतो. वरून खाली उतरवला, तर कोटणिसांच्या नावातला ‘ती’, आणि ‘धाकटा भाऊ’ या अक्षराचाही तोच. शत्रू आणि भाऊ यांच्यात फक्त सुराचे अंतर आहे.

तिसरे ‘ह्वा’. दोन तुकड्यांत ‘हु-आ’ म्हणायचे नाही. एका दमात ‘ह्वा’. ह थोडा घशात घासलेला, उर्दू ‘ख़बर’च्या ख़कडे झुकणारा. सूर दुसरा, खालून वर: न ऐकू आल्यावर आपण ‘हां?’ करतो तसा. तिन्ही मिळून ‘ख तीह्वा’: सपाट, उतरता, चढता. दहा-बारा वेळा मोठ्याने म्हटले की बसते.

कोणी विचारेल, ‘दी’ अगदीच निराधार आहे का? इ. स. १००८ च्या चिनी उच्चारकोशात हे अक्षर घोष ‘द’च्या गटात बसवलेले आहे. म्हणजे प्राचीन उच्चारात द होता. उत्तरेकडच्या भाषेत त्याचा पुढे ‘त’ झाला. हे पथक १९३८ मध्ये चीनच्या ज्या बंदरात उतरले त्या कँटनच्या बोलीत याच अक्षराचा उच्चार ‘तइ’ असा आहे आणि जपानीत ‘तेइ’. पण कोटणीस ज्या भागात राहिले आणि जी भाषा बोलले, ती उत्तरेची. तिथे ‘ती’च.

आता अर्थ. पहिले अक्षर ‘ख’ हे चिनी लोकांत खरोखरीचे आडनाव आहे आणि त्याचा शब्दार्थ कुऱ्हाडीचा दांडा, किंवा फांदी. त्याच्याही डावीकडे झाड आहे. मराठी वाचकाला लगेच ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ आठवेल. तिकडे दांड्याची कीर्ती अगदी उलटी: नवा दांडा तोडायचा तर नमुना दूर शोधायला नको, हातातल्या कुऱ्हाडीचाच दांडा पाहा, असे एक प्राचीन काव्य आहे. दांडा म्हणजे जवळच असलेला आदर्श.

मधल्या ‘ती’चा अर्थ झुडूप. चीनच्या सर्वांत जुन्या ३०५ कवितांच्या संग्रहात या झुडपाच्या फुलांनी सुरू होणारी आठ कडव्यांची कविता आहे. आप्तांच्या मेजवानीत गाण्याची. छांग-ती झुडपाची फुले कशी झळाळताहेत, आणि आजच्या माणसांत भावासारखे कोणी नाही, असा तिचा आरंभ. फुलांचा आणि भावांचा संबंध काय, तो जुन्या टीकाकारांनी उलगडला आहे. फूल वर असते आणि त्याच्याखाली देठाजवळची वाटी, निदलपुंज. फूल वाटीला झाकते, वाटी फुलाला पेलते, आणि दोघांच्या तेजाने दोघे उजळतात. थोरला आणि धाकटा तसे. या एका कवितेमुळे ‘ती’ आणि ‘फूल’ ही दोन अक्षरे एकत्र आली की चिनी वाचक त्यांचा अर्थ ‘भाऊ’ असा घेतो. पत्रात धाकट्या भावाला किंवा भावासारख्या शिष्याला संबोधताना साध्या ‘भाऊ’ या अक्षराऐवजी हे झुडूप लिहिण्याची जुनी रीतही आहे.

आणि मूळ कवितेत ‘फूल’साठी जे अक्षर आहे ते म्हणजे कोटणिसांच्या नावातले तिसरे अक्षर ‘ह्वा’! या अक्षराचा मूळ अर्थ फूल. चीन हा अर्थ त्याला नंतर चिकटला, आणि रोजच्या वापरात ‘फूल’साठी निराळे, सोपे अक्षर आले. म्हणून कोटणिसांचे नाव दोनदा वाचता येते. आजच्या डोळ्याने: ख घराण्यातला, ‘ती’, चीनचा. जुन्या डोळ्याने: ती-झुडपाची फुले, म्हणजे भाऊ. पाचांपैकी इतर चौघांच्या नावात ‘ह्वा’ हे जोडपद राहते. कोटणिसांच्या नावात ते शेजारच्या अक्षराला जाऊन मिळते आणि तीन हजार वर्षांच्या आसपास जुनी ओळ उभी राहते. शेजारी फक्त ‘चीनचा मित्र’ छापला की हे सारे पुसले जाते.

ही कविता नुसती गोडगोड नाही. तिसऱ्या कडव्यात माळावरचा धोबी पक्षी आहे, जो हिवाळ्यात आपल्या संभाजी तलावाच्या काठी शेपटी हलवत फिरताना दिसतो. सतत ओरडणारा, सतत हलणारा. संकटातल्या भावासाठी जीव असाच कासावीस होतो, चांगले मित्र मात्र सुस्कारा टाकून थांबतात, असे तिथे म्हटले आहे. पुढच्या कडव्यात घराच्या भिंतीआड भाऊ भांडतात, पण बाहेरच्याने अपमान केला की एक होतात. आपल्याकडचे ‘वयं पंचाधिकं शतम्’, आम्ही एकशे पाच, ते हेच. मराठीने ‘भाऊबंदकी’ या शब्दाचाच अर्थ भांडण करून टाकला. चिनी कवितेने भांडण आधीच हिशेबात धरले आहे. (सम्राट चू ती याने नाव सार्थ केले असे म्हणवत नाही. थोरल्या भावाच्या मुलाशी तीन वर्षे लढून त्याने गादी घेतली.)

याच संग्रहात हे अक्षर दुसऱ्या एका जागी जोडीने येते आणि तिथे अर्थ ‘भारदस्त, डौलदार’ असा आहे. त्या जागी उच्चारही ‘ताय-ताय’ करतात. कोशात दोन उच्चार दिसले म्हणून गोंधळू नये. नावात नेहमी ‘ती’.

झुडूप कोणते, यावर मात्र चित्रे काढणाऱ्यांनी लक्ष द्यावे. नावे तीन आहेत आणि तिन्हींत हे अक्षर आहे. कवितेतले ‘छांग-ती’ म्हणजे बदाम, जर्दाळू, आलुबुखार यांच्या कुळातले कंबरेएवढे ते छातीएवढे झुडूप. वसंतात पानांच्या बरोबरीने किंवा आधी पांढरी-गुलाबी फुले, मग छोटी लाल फळे. त्याच्या बियांतला गर चिनी वैद्यकात कोठा साफ करायला वापरतात. दुसरे ‘थांग-ती’: हे नाव आजच्या चिनी वनस्पतिशास्त्राने वेगळ्याच वंशाला दिले आहे, पाकळ्या अरुंद, पांढऱ्या आणि लांबट. तिसरे ‘ती-थांग’, उच्चारांची उलटापालट. हे बागेतले पिवळ्याधमक फुलांचे झुडूप. इंटरनेटवर शोध घेतला की सर्वांत आधी हे पिवळेच समोर येते आणि फलकावर जाऊन बसते. पिवळे फूल चूक. कमळही चूक आणि जपानी चेरीही चूक. ज्या माणसाने जपानी आक्रमणातल्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, त्याच्या नावाशेजारी साकुरा छापणे तर फारच विचित्र. आपल्या हवेत मूळ झुडूप येत नाही. नेमके चित्र हाती नसेल तर फूल न छापलेलेच बरे.

राहिली छपाई. कोशात शोधायचे असेल तर ‘झाड’ हा गट काढावा. २१४ गटांच्या पारंपरिक क्रमात तो ७५ वा. त्यात उरलेल्या आठ रेघांच्या यादीत हे अक्षर सापडते, कारण झाडाच्या चार आणि उजवीकडच्या आठ, एकूण बारा. गंमत म्हणजे त्याच यादीत सोलापूरचे दुसरे अक्षर आहे: कापूस. डावीकडे झाड, उजवीकडे रेशमी वस्त्र, म्हणजे झाडावर लागणारे वस्त्र. त्याच्याही रेघा बाराच. संगणकाच्या युनिकोड क्रमात कापसाच्या पुढे २६ घरांवर हे ‘ती’ बसते. त्याचा क्रमांक ६८ई३, यातला ‘ई’ रोमन, दशमानात २६,८५१. विंडोजवरच्या वर्डमध्ये सहा, आठ, रोमन ई, तीन असे टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबले की अक्षर उमटते. मोबाइलवर चिनी कळफलक घेऊन नुसते रोमन ‘डी-आय’ टाइप केले तर ‘जमीन’, ‘भाऊ’, ‘सम्राट’ वगैरेंच्या रांगेत हे फार मागे सापडते. नुसते ‘दिहुआ’ टाइप केले तर उरुमची शहराचे १९५४ पूर्वीचे नाव पुढे येऊ शकते, त्याची दोन्ही अक्षरे वेगळी आहेत. म्हणून पूर्ण नाव एका दमात, मध्ये जागा न सोडता, रोमनमध्ये टाइप करावे. आणि डीटीपीवाल्याकडे फाइल देताना त्याच्या यंत्रावर चिनी फाँट नसेल तर अक्षराच्या जागी रिकामी चौकट छापली जाते. त्यासाठी अक्षराचे चित्र करून द्यावे किंवा फाइलमध्ये फाँट जोडून द्यावा.

हाताने रंगवणाऱ्या पेंटरसाठी चार सूचना. अक्षर एका चौरसात बसले पाहिजे आणि तिन्ही अक्षरांचे चौरस सारखे. झाडाला चौरसाचा साधारण तिसरा हिस्सा, उरलेले उजव्या भागाला. दोन भागांत जास्त फट पडली की चिनी वाचक ते दोन वेगळी अक्षरे म्हणून वाचतो, आणि नाव चार अक्षरांचे होते. झाडाची शेवटची, उजवीकडे उतरणारी रेघ इथे आखडून ठिपक्याएवढी करायची. पूर्ण ओढली तर उजव्या भागाला धडकते. उजव्या भागात आधी वरची आडवी रेघ, तिचे उजवे टोक खाली वळवून. मग मधली आडवी, ती त्या वळलेल्या रेघेला छेदून किंचित बाहेर डोकावते. मग तिसरी आडवी. त्यानंतर उभी, तिन्हींना वरपासून छेदत तळापर्यंत, शेवटी डावीकडे हूक. उभीच्या डावीकडे एक ठिपका आणि त्याखाली वर उचललेली छोटी रेघ. उजवीकडे एक छोटी डावीकडे उतरती आणि शेवटची उजवीकडे उतरती. सर्वांत जास्त चूक उभ्या रेघेत होते: ती वरच्या तीन रेघांना न छेदता खालून सुरू केली, की उजवीकडे ‘नोंद करणे’ हे दुसरेच अक्षर तयार होते. काम झाल्यावर रेघा मोजाव्यात. बारा भरल्या नाहीत तर पुन्हा पाहावे.

तिसऱ्या अक्षराची दोन रूपे आहेत. चीनमध्ये १९५६ पासून लिहितात ते सुटसुटीत रूप सहा रेघांचे. कोटणिसांच्या हयातीतले दाट, आडव्या रेघांनी भरलेले. दोन्ही बरोबर. पहिल्या दोन अक्षरांत असा फरकच नाही. मात्र जुन्या छायाचित्रावरून किंवा शिलालेखावरून नाव उतरवताना दिशा तपासावी. त्या काळी आडवा मजकूरही उजवीकडून डावीकडे लिहीत, त्यामुळे डाव्या टोकाला दाट ‘ह्वा’ दिसत असेल तर वाचन उजव्या टोकापासून करायचे. तसे न केल्यास ‘ह्वा ती-ख’ असा उलटा कोटणीस छापला जातो. उभा मजकूर असेल तर वरून खाली, आणि ओळी उजवीकडून.

मराठी मजकुरात ‘ख तीह्वा’ छापावे, हे आमचे मत. पहिल्या वर्षी डोळ्यांना खटकेल. ज्यांना एकदम इतका बदल नको त्यांनी निदान ‘के’ काढून ‘ख’ करावा. आणि अर्थाच्या जागी ‘चीनचा मित्र’ऐवजी ‘ती-झुडपाची फुले, म्हणजे भाऊ’ असे द्यावे. भैय्या चौकातल्या स्मारकाला भेट द्यायला नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांकडून ‘ती’ दोन्ही सुरांत म्हणून घ्यावा, चढता आणि उतरता. कोणता कोटणिसांचा, ते मुले एका वेळेत ओळखतात.

कळावे,
चिनी लिपीचे अभ्यासक,
सोलापूर